सापाच्या विषाची गोळी आणि सासूबाईंचा खोकला

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. बीपी फार कधी नव्हतं, वरचा आकडा १३०-१३५ असायचा. तीन महिन्यांपूर्वी लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन २१० आलं, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी रॅमिप्रिल ५ मिलिग्रॅम सुरू केली. ‘किडनीसाठी आहे’ एवढंच म्हणाले. महिन्याभरात त्यांना कोरडा खोकला सुरू झाला, रात्री जास्त. खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या संपल्या, हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची टीबीची तपासणी दोन्ही नॉर्मल आहेत. त्या भजनी मंडळात जायच्या, पण आता अभंग सुरू केला की ढास लागते म्हणून जाणंच सोडलंय. त्यात शेजारच्या काकांनी मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला, की ही गोळी सापाच्या विषापासून बनवतात. आमच्या सासूबाई नागपंचमीला विळीलासुद्धा हात लावत नाहीत! त्यांनी त्या दिवसापासून गोळी बंद केली. पाच दिवस झाले. बीपी १३२/८० आहे, म्हणजे गोळीवाचून काही अडलेलं दिसत नाही. मग नसली तरी चालेल का? आणि खोकला अजून आहेच, म्हणजे तो गोळीचा नव्हता का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : सासूबाईंना आधी सांगा, की त्यांच्या हातून नागोबाचा काही अपमान झालेला नाही. गोळीत विष नाही. पण शेजारचे काका सपशेल खोटंही बोललेले नाहीत. मोबाइलवर फिरणाऱ्या औषधविषयक मजकुरात हे इतक्या क्वचित घडतं, की ती गोष्ट मी पुरी सांगणार आहे.

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. आपल्याकडे आंबोलीच्या रानात फांदीला विळखा घालून बसणारा चापडा त्याच्याच कुळातला. जराराकाच्या विषाने बीपी धाडकन खाली येतं. सर्जिओ फेरेरा या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये या विषातला एक घटक वेगळा काढला. आपल्या शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा, रक्तवाहिन्या सैल करणारा पदार्थ असतो. हा घटक त्याचा परिणाम वाढवत होता. (हे ब्रॅडिकायनिन लक्षात ठेवा. सासूबाईंच्या खोकल्यापाशी ते पुन्हा भेटणार आहे.) फेरेरा हा अर्क घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्याकडे गेले. तिथे काम करणाऱ्या वाय. एस. बखले यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की हाच घटक फुफ्फुसातल्या एका एन्झाइमला अडवतो आणि बीपी वाढवणारा एक पदार्थ तयारच होऊ देत नाही. विद्यार्थिदशेत हे आडनाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उगाचच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं.

अडचण अशी होती, की विषातला तो घटक इंजेक्शनानेच द्यावा लागे; तोंडाने घेतला तर पचून जाई. अमेरिकेत स्क्विब कंपनीतल्या डेव्हिड कशमन आणि मिगेल ओंडेट्टी यांनी मग त्या एन्झाइमच्या खाचेत नेमका बसेल असा छोटासा रेणू स्वतःच तयार केला. तो कॅप्टोप्रिल. अमेरिकेत त्याला १९८१ मध्ये मान्यता मिळाली. पुढे एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रॅमिप्रिल, पेरिंडोप्रिल अशी भावंडं आली. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ दिसलं की ओळखायचं, हे याच घरातलं. सगळी कारखान्यात बनतात. साप ब्राझीलमध्येच राहिला.

आता ते एन्झाइम करतं काय ते बघू, म्हणजे ‘किडनीसाठी’ या एका शब्दाचा उलगडा होईल.

माझा दवाखाना साताऱ्यात आहे. माण-खटावकडच्या जुन्या बायका नळाला पाणी आलं की घरातलं सगळं भांडं-कुंडं भरून ठेवतात. आज टाकी भरलेली असली तरी ठेवतात, कारण दुष्काळ त्यांच्या हाडात मुरलाय. आपलं मूत्रपिंड अगदी तसं आहे. रक्ताचा दाब थोडा कमी वाटला, शरीरात मीठ-पाणी कमी वाटलं, की ते रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडतं. यकृतात बनलेलं एक प्रथिन रक्तात फिरत असतं, रेनिन त्याचा एक तुकडा तोडतं. तो तुकडा तसा निरुपद्रवी. पण फुफ्फुसातून जाताना तिथल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर बसलेलं एन्झाइम त्याच्या एका टोकाचे दोन दुवे कापतं, आणि तयार होतं अँजिओटेन्सिन-दोन. या कापणाऱ्या एन्झाइमचं इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘एस’, आणि त्याला अडवणारी औषधं म्हणजे एस इनहिबिटर. अँजिओटेन्सिन-दोन रक्तवाहिन्या आवळतं आणि अॅड्रिनल ग्रंथीला सांगून मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. जुलाब होऊन माणूस वाळला किंवा अपघातात रक्त गेलं, तर हीच यंत्रणा जीव वाचवते. मधुमेहात, हृदय कमजोर झाल्यावर किंवा नुसत्या वाढलेल्या बीपीत मात्र ती गरज नसताना चालू राहते आणि नुकसान करते.

मूत्रपिंडातलं नुकसान विशेष आहे. तिथे लक्षावधी सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत एका बारीक नळीने रक्त येतं आणि दुसरीने बाहेर जातं. अँजिओटेन्सिन-दोन बाहेर जाणारी नळी जास्त आवळतं. पुढचं दार अर्धवट लोटलं की आत चेंगराचेंगरी होते, तसा गाळणीवरचा दाब वाढतो, तिची भोकं सैल पडतात आणि एरवी रक्तात राहायला हवं ते अल्ब्युमिन लघवीत गळतं. सासूबाईंचा २१० हा आकडा त्या गळतीचा आहे. तो ३० च्या खाली हवा. रॅमिप्रिल ती बाहेरची नळी सैल करते. दंडावर पट्टी बांधून मोजलेल्या बीपीत यातलं काही दिसत नाही, म्हणून १३२/८० बघून ‘काही अडलेलं नाही’ असं म्हणता येत नाही. खरं उत्तर पुन्हा लघवी तपासल्यावरच मिळेल.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. १९९३ मध्ये टाइप-१ मधुमेहात मूत्रपिंडाला इजा झालेल्या ४०९ रुग्णांवर कॅप्टोप्रिलचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यू, डायलिसिस किंवा किडनी बदलण्याची वेळ येण्याचा एकत्रित धोका त्यात निम्म्याने कमी झाला, आणि हा फायदा बीपी उतरल्यामुळे मिळेल त्याहून वेगळा होता.

आता खोकला. एस हे एन्झाइम दोन कामं करतं. एक अँजिओटेन्सिन-दोन बनवणं, दुसरं ब्रॅडिकायनिन मोडून टाकणं. गोळीने एन्झाइम अडवलं की दोन्ही कामं थांबतात. मग न मोडलेलं ब्रॅडिकायनिन आणि त्याच्या संगतीचे पदार्थ श्वासनलिकेत साचतात, तिथल्या मज्जातंतूंना चेतवतात. घशात पीस फिरवल्यासारखं होतं, कोरडी ढास लागते, कफ पडत नाही. बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त होतो. गोळी सुरू केल्यावर चार दिवसांनी येतो तसा चार महिन्यांनीही येतो, म्हणून गोळीचा संशय कुणाला येत नाही. खोकल्याच्या औषधाने हा जात नाही. ज्येष्ठमधाच्या बाबतीत तर माझी तक्रारच आहे: ते रोज भरपूर खाल्लं तर बीपी वाढतं. ते आधी बंद करा.

या खोकल्याचा धडा मला माझ्याच एका चुकीने शिकवलाय. २००१ साली माझ्याकडे एसटीचे एक ड्रायव्हर यायचे. बीपी आणि मधुमेह दोन्ही, म्हणून मीच एनालाप्रिल सुरू केलेली. दोन-अडीच महिन्यांनी खोकला घेऊन आले. म्हणाले, “बाई, घाटात उबळ आली की मागची माणसं देवाचं नाव घ्यायला लागतात.” मी एक्स-रे काढला, तीनदा थुंकी तपासली, दम्याचा पंप दिला, आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. चार महिने. स्वतः लिहून दिलेली गोळी तेवढी माझ्या नजरेतून सुटली, आणि दर खेपेला मी तीच चिठ्ठी पुढे ओढत राहिले. आषाढात ते रजा काढून लोणंदला माउलींच्या पालखीत सामील झाले. गोळ्यांची पिशवी घरीच राहिली. वाखरीच्या रिंगणापर्यंत खोकला जवळजवळ गेला होता. परत आल्यावर त्यांनी इमानदारीने गोळी सुरू केली आणि पाचव्या दिवशी पुन्हा ढास. दवाखान्यात येऊन म्हणाले, “माउलीनं बरं केलं होतं, तुमच्या गोळीनं परत आणलं.” मी त्यांची माफी मागितली आणि गोळी बदलून लोसार्टन दिली. तेव्हापासून खोकल्याचा पेशंट आला, की मी आधी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगते.

त्यांच्या गोष्टीत तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पाच दिवसांत खोकला गेला नाही म्हणून गोळी निर्दोष ठरत नाही. बहुतेकांचा खोकला एक ते चार आठवड्यांत जातो, काहींना तीन महिनेही लागतात. एक्स-रे आणि थुंकी आधी तपासली हे उत्तम केलंत. आपल्या देशात दोन आठवड्यांच्या वरचा खोकला ‘गोळीचाच असेल’ म्हणून सोडून द्यायचा नसतो. ताप, वजन घटणं, थुंकीत रक्त किंवा आडवं झाल्यावर दम लागणं, यातलं काही असेल तर पुन्हा दाखवाच.

पाच दिवस गोळी थांबल्याने काही बिघडलेलं नाही. मेटोप्रोलॉलसारख्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर त्रास होतो, तसं हिचं नाही. पण आता या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि ‘बंद केली’ एवढ्यावर थांबू नका, बदलून मागा. दुसरी प्रिल नको, खोकला बहुधा तिनेही येईल. नावाच्या शेवटी ‘सार्टन’ असलेली गोळी विचारा: लोसार्टन, टेल्मिसार्टन वगैरे. ती एन्झाइमला हात लावत नाही. अँजिओटेन्सिन-दोन जिथे जाऊन बसतं ती जागा ती आधीच अडवून धरते. ब्रॅडिकायनिन आपल्या गतीने मोडत राहतं, खोकला सहसा येत नाही. सासूबाईंसारख्या टाइप-२ मधुमेहींसाठी तर सार्टनचा पुरावा भक्कम आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मूत्रपिंडाला बरीच इजा झालेल्या १,५१३ टाइप-२ मधुमेहींमध्ये लोसार्टनने किडनी निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाला होता.

मात्र उरलेली रॅमिप्रिल ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून सार्टनच्या जोडीला देऊ नका. आपल्या घरांत हे होतं, म्हणून सांगते. दोन्ही एकत्र दिल्या तर फायदा वाढत नाही, बीपी फार उतरणं आणि किडनीचा त्रास मात्र वाढतो. २००८ च्या एका मोठ्या चाचणीत हे स्पष्ट झालं.

नवी गोळी सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) आणि पोटॅशियम तपासून घ्या. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसेल आणि तुम्ही घाबराल. गाळणीवरचा दाब उतरल्याची ती खूण असते. आधीच्या आकड्यापेक्षा ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही सहसा चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर डॉक्टर कारण शोधतील. उदाहरणार्थ, मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या दोन्ही रोहिण्या अरुंद झालेल्या असतील तर या गोळ्या चालत नाहीत.

आणखी एक गोष्ट, सासूबाईंना झालेली नाही, पण प्रिलची गोळी चालू असलेल्या प्रत्येक घराला माहीत हवी. ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला, आवाज बसला, गिळता येईना, तर अॅलर्जीची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. तेव्हाच्या तेव्हा इस्पितळ गाठायचं. हे फार थोड्यांना होतं, गोळी कित्येक महिने पचलेली असताना एखाद्या दिवशीही होऊ शकतं, आणि घशाची सूज श्वास अडवते. एकदा असं झालं की त्या माणसाला प्रिल पुन्हा कधीच द्यायची नाही. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा.

विळीचं आणि नागपंचमीचं राहू द्या. भजनाला मात्र महिन्याभराने पाठवून बघा.

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय ५८) मागच्या वर्षी हार्ट अटॅक आला. हृदयाचं पंपिंग ३५ टक्के आहे. रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे. बीपी १०४/६६ असतं, तरी बीपीची गोळी का? मी त्यांच्यासाठी ‘कमी सोडियमचं’ मीठ आणलंय आणि रोज एक शहाळं देते. गुडघे दुखले की ते डायक्लोफिनॅक घेतात. काही चुकतंय का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : बीपीच्या गोळीचं बरोबर आहे, बाकी तीन गोष्टी चुकताहेत. त्यामागची तुमची माया मला दिसते, पण आजच बदल करा.

कमजोर हृदयाला आवळलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त ढकलणं म्हणजे चढावर ढकलगाडी नेणं. रॅमिप्रिल तो चढ कमी करते. १९८७ मध्ये स्कँडिनेव्हियात अतिशय गंभीर हृदयविकाराच्या २५३ रुग्णांवर एनालाप्रिलचा अभ्यास झाला, त्यात सहा महिन्यांतले मृत्यू ४० टक्क्यांनी घटले. त्यांच्यासाठी ही जगण्याची गोळी होती. बीपीची म्हणून कुणी दिलेली नव्हती. १०४ वर चक्कर येत नसेल, उठताना अंधारी येत नसेल, तर आम्ही ती चालूच ठेवतो. पुढे डॉक्टर कदाचित सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन सुचवतील. तेव्हा शेवटची रॅमिप्रिल घेतल्यापासून ३६ तास मध्ये जावे लागतात, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

मिठाच्या पुड्यावरचे घटक वाचा. ‘कमी सोडियम’ म्हणजे बहुतेक वेळा सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निरोगी माणसाला ते चालतं. पण रॅमिप्रिल पोटॅशियम शरीरात धरून ठेवते, स्पायरोनोलॅक्टोन त्याहून जास्त धरते, वरून मीठ आणि शहाळं. रक्तातलं पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्याआधी माणसाला काही जाणवेलच असं नाही. साधं मीठ आणा आणि तेच कमी घाला. सैंधवही मीठच आहे, त्यात सूट नाही. शहाळं बंद. पोटॅशियमची तपासणी उद्या करा, पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या मूत्रपिंडाकडे रक्त आणणारी नळी आवळतात. रॅमिप्रिलने बाहेरची नळी सैल केलेली असते. दोन्हींच्या मध्ये गाळणीला दाबच उरत नाही, आणि अशा हृदयात पाणीही साठतं. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि शेक. जुलाब-उलट्या लागल्या, अंगातलं पाणी गेलं, तर त्या दिवशी रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन घ्यायची की थांबवायची हे डॉक्टरांना फोन करून विचारा. हा फोन नंबर आजारपण येण्याआधीच गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवा.

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे. बीपीसाठी दोन वर्षं एनालाप्रिल घेते. सहा महिन्यांपूर्वी लग्न झालं. आम्हाला मूल हवं आहे. गोळी चालू ठेवू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, पण एकदम सोडूही नका. दिवस राहण्याआधी डॉक्टरांना भेटून लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा यांपैकी सोसेल ते औषध सुरू करून घ्या. प्रिल आणि सार्टन दोन्ही गरोदरपणात वर्ज्य आहेत. विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे त्या बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात आणि गर्भजल घटतं. पाळी चुकली असेल तर हे वाचून मासिक खाली ठेवा आणि आजच फोन करा. सुरुवातीच्या काही आठवड्यांत नकळत गोळी घेतली गेली म्हणून गर्भ काढून टाकण्याचा सल्ला कुणी परस्पर दिला, तर तो मानू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, सोनोग्राफी होऊ द्या. बाळंतपणानंतर दूध पाजत असतानाही एनालाप्रिल बहुतेकींना पुन्हा देता येते. बाळ दिवसाआधी जन्मलं असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारून.